प्रिन्स ऑफ पर्शिया – द लॉस्ट क्राऊन: जुन्या खेळाडूंनी खेळावा की नाही?

अंबाझरी_बांध (धागाकर्ता) · २२ मे २०२५, रात्री १०:४०

मंडळी, पारा ४४-४५ वर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडणं बंद आहे. त्यामुळे राहून गेलेला हा गेम शेवटपर्यंत, कानाकोपरे धुंडाळत खेळून झाला. १८ जानेवारी २०२४ ला तो आला तेव्हा आपल्या कट्ट्यावर त्याची फारशी चर्चा झाली नव्हती. आता एप्रिलपासून मोबाईलवरही मिळतोय आणि बरेच जण विचारताहेत, म्हणून सविस्तर लिहितो. कथेतली मोठी गुपितं फोडणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. २००३ नंतर या मालिकेत इतका चांगला गेम आलेला नाही. आणि नुसत्या उडीचं बोलायचं तर १९८९ नंतर आलेला नाही.

१९८९ चा मूळ गेम जॉर्डन मेकनरने ॲपल टू कॉम्प्युटरवर जवळपास एकहाती लिहिला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लटकायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्या फ्रेम्सवरून राजपुत्राची एकेक हालचाल काढली. म्हणून त्या एवढ्याशा आकृतीला वजन होतं. धावता धावता थांबायचं म्हटलं तर तो पाऊलभर पुढे घसरायचाच. उडी घेतली की हवेत काही बदलता यायचं नाही. कड नेमकी कुठे संपते ते शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत बघायचं, मागे यायचं, मग धाव घ्यायची. निर्णय जमिनीवर असतानाच करायचा. वर पूर्ण गेमला मिळून ६० मिनिटं.

त्यानंतर दर नव्या सुरुवातीला पडणं स्वस्त होत गेलं. २००३ च्या सँड्स ऑफ टाइमने हातात काळ मागे फिरवणारा खंजीर दिला आणि चुकलेली उडी मागे नेता येऊ लागली. कल्पना अफलातून होती, पण भिंतीवरून धावणं आणि कठडा पकडणं बरंचसं गेमच सांभाळून घ्यायचा. २००८ ला आणखी एक नवी सुरुवात झाली. तिच्यात नायकाची सोबतीण एलिका प्रत्येक वेळी हात धरून वर काढायची, मरणच नव्हतं. दिसायला तो गेम आजही देखणा आहे. खेळताना मात्र मला कधी छातीत धस्स झालं नाही.

लॉस्ट क्राऊनने पडण्याची किंमत परत आणली आणि ती नेमकी ठेवली. काट्यांवर पडलात तर थोडा जीव जातो आणि शेवटच्या पक्क्या जमिनीवर परत येता, तिथून पुन्हा. सगळा जीव संपला तर थेट मागच्या वाक-वाक झाडापाशी. हे सोनेरी झाड म्हणजे इथलं सेव्ह करायचं ठिकाण. त्याचा प्रकाश दिसला की खरोखर हुश्श होतं.

एक खोली सांगतो. झर्क्सीसची नाणी (अवघड जागी ठेवलेली खास नाणी) मिळवायच्या ज्या वाटा आहेत त्यांतली. खाली पूर्ण काटे, दोन्ही भिंतींना मधेमधे काटे, मधोमध वरखाली फिरणारं दातेरी चक्र. नाणं पलीकडच्या कोनाड्यात. उजव्या भिंतीवर उडी, तिथून डावीकडे, हवेतच सिमुर्गची झेप (वेगाने पुढे झेपावायची शक्ती), चक्राच्या खालून निसटून नाणं. नाणं हातात आल्यावर खरी परीक्षा, कारण ते घेऊन सुखरूप जमिनीवर पाय टेकल्याशिवाय ते तुमचं होत नाही. म्हणजे परतीची वाट उडी घेण्याआधीच डोक्यात तयार हवी. पहिल्या फेरीत मी नाण्यापर्यंतचाच विचार करत होतो. खोली समजली ती कडेवर उभं राहून, बटणाला हात न लावता, चक्राची लय बघत बसल्यावर. १९८९ मध्ये शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकणं हेच काम करायचं. हवेत दिशा बदलता येते, दुहेरी उडी आहे, झेप आहे, सगळं आजच्या काळाचं आहे. पण आधी बघ, ठरव, मग पाय उचल, हा मूळ शिरस्ता या टीमने बरोबर ओळखलाय.

टीम युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओची. रेमन ओरिजिन्स (२०११) आणि रेमन लेजंड्स (२०१३) यांनीच केले होते. ज्यांनी ते खेळलेत त्यांना या उड्यांची सफाई कुठून आली ते लगेच कळेल. चित्र बाजूनेच दिसतं, जुन्या गेमसारखं. नायक राजपुत्र नाही. सार्गन हा ‘इमॉर्टल्स’ नावाच्या सात योद्ध्यांतला सगळ्यात तरुण, आणि पळवून नेलेल्या राजपुत्र घसानला सोडवायला तो काफ पर्वतावर येतो. तिथे काळाचीच घडी विस्कटलेली. मुख्य कथा साधारण २० तासांची, सगळं धुंडाळलंत तर त्याहून बरीच जास्त.

आणखी एका गोष्टीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. अशा मोठ्या नकाशाच्या गेममध्ये नेहमीचा वैताग असतो: एक दार दिसतं, उघडायची शक्ती अजून मिळालेली नसते, आणि शक्ती मिळेपर्यंत दार कुठे होतं तेच विसरायला होतं. इथे जागेवर उभं राहून एक बटण दाबलं की समोरच्या दृश्याचा फोटो नकाशावर टाचला जातो. किती फोटो टाचता येतील याला मर्यादा आहे, त्यामुळे कुठली जागा खरंच महत्त्वाची हेही ठरवावं लागतं. इतकी साधी युक्ती, आणि आता तिच्याशिवाय या प्रकारातला दुसरा गेम खेळवत नाही.

नावडलेलं सांगतो. सात योद्ध्यांपैकी दोन-तीन सोडले तर कुणाचीच नीट ओळख होत नाही. मग त्यांच्यापैकी कुणी समोर तलवार उपसली तरी मनावर घाव बसायला हवा तेवढा बसत नाही. जलद प्रवासाच्या जागा फार कमी. उत्तरार्धात तेच ते शत्रू रंग बदलून येतात.

बोला. विशेषतः जुनी मंडळी.

---

सायबर_कॅफे_बर्डी · २२ मे, रात्री ११:१५

उडीबद्दल शंभर टक्के सहमत. सीताबर्डीवर ज्या कॅफेत आम्ही जायचो तिथल्या एका मशीनवर हा गेम होता आणि ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून सुरू करायचा हे आधी आलेल्या पोरांनी पुढच्यांना शिकवलेलं. पहिली पातळी संपली की ती अक्षरांवरच्या बाटल्यांची खोली यायची. बरोबर अक्षराची बाटली प्यायची, आणि ते अक्षर गेमसोबतच्या पुस्तिकेत बघायचं. पुस्तिका कुणी पाहिलेलीच नव्हती. जो तास विकत घेतलेला असायचा त्यातला निम्मा वेळ अंदाजाने बाटल्या पिण्यात जायचा.

मला एकच विचारायचंय. आरशातून बाहेर येणारी सावली आहे का यात? तिसऱ्या पातळीतला न मरणारा सांगाडा, आठव्या पातळीत दार उघडून देणारा उंदीर, हे सगळं आठवतं, पण ती सावली वेगळीच होती.

---

अंबाझरी_बांध (धागाकर्ता) · २२ मे, रात्री ११:५०

@सायबर_कॅफे_बर्डी, दादा, हा विषय माझ्याही जिव्हाळ्याचा.

मूळ गेममध्ये सावली आली ती मेमरी संपली म्हणून. शत्रू हवा होता, पण नव्या शत्रूच्या हालचाली काढून साठवायला ॲपल टूमध्ये जागा नव्हती. मग मेकनरने राजपुत्राच्याच फ्रेम्स घेतल्या आणि बिट्स सरकवून त्यांचीच एक चमकती, भुतासारखी आकृती तयार केली. चौथ्या पातळीत आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते, पाचवीत तुमच्या वाटचं औषध पिऊन जाते, सहावीत तुमच्या तोंडावर दार बंद करते. बाराव्या पातळीत समोरासमोर तलवारी, आणि तिला मारलेला प्रत्येक वार तुम्हालाच लागतो. तलवार म्यान करायची आणि तिच्यात चालत जायचं, तेव्हा दोघं एक होतात. एका शब्दाचाही संवाद न वापरता सांगितलेली ती गोष्ट आहे.

लॉस्ट क्राऊनमध्ये सावली मिळते ती शक्ती म्हणून. एका जागी आपली आकृती ठेवून पुढे जायचं आणि बटण दाबलं की क्षणात तिच्याजागी परत. बंद होणाऱ्या दारांसाठी, लढाईत वार चुकवायला, नाण्याच्या वाटांवर परतीसाठी. मूळ गेममध्ये जी वाट अडवायची ती इथे वाट काढून देते. टीमने हे जाणीवपूर्वक केलं की नाही यावर मी बोलत नाही, पण जुना गेम ज्याच्या बोटांत आहे त्याला पहिल्यांदा ती आकृती मागे सोडताना जे वाटतं ते नव्या खेळाडूला वाटणार नाही. कथेतही सार्गनची स्वतःशी गाठ पडते. त्यापुढे बोलत नाही.

---

फरहाचा_धनुष्यबाण · २३ मे, सकाळी ९:०५

लेख आवडला, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही आणि का ते नीट मांडते.

तुम्ही मालिकेचा आत्मा उडीत शोधता. माझ्यासाठी तो गोष्ट सांगण्यात आहे. सँड्स ऑफ टाइम भारतातल्या एका महाराजाच्या महालावरच्या हल्ल्याने सुरू होतो. खंजीर तिथल्या खजिन्यातून लुटलेला, फरहा त्याच महाराजाची मुलगी. म्हणजे नायक पहिल्याच प्रसंगात लुटारू म्हणून येतो आणि त्याच्यासोबत चालणारी मुलगी त्याने उद्ध्वस्त केलेल्या घरातली असते. अख्खा गेम तो स्वतः सांगत असतो. तुम्ही पडून मेलात की त्याचा आवाज येतो: नाही नाही, असं झालं नव्हतं, पुन्हा सांगतो. पडणं स्वस्त झालं म्हणता, पण तिथे पडणं गोष्टीचाच भाग झालं होतं! सांगणारा चुकला, त्याने दुरुस्त केलं. आणि हे सगळं तो कुणाला सांगत होता ते शेवटी कळतं तेव्हा मी गेम बंद करून कितीतरी वेळ तशीच बसून होते.

लॉस्ट क्राऊन मी अर्ध्यापर्यंत खेळलेय. हात खूश होतो, खरं आहे. पण सार्गनला कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि मला त्याच्याशी. हॉलो नाइटच्या वळणाचे गेम आता भरपूर आहेत. मोठा नकाशा, बंद दारं, शक्ती मिळाल्यावर परत या. त्यावर पर्शियाचं नाव लावलं म्हणून तो प्रिन्स ऑफ पर्शिया होतो का?

---

अंबाझरी_बांध (धागाकर्ता) · २३ मे, दुपारी १:३०

@फरहाचा_धनुष्यबाण, ताई, पडण्यालाच गोष्टीत ओवणं ही २००३ ची मोठी करामत होती, मान्य. माझ्या मूळ लेखात त्या गेमला याहून जास्त जागा द्यायला हवी, हेही मान्य.

पण लॉस्ट क्राऊन गोष्ट सांगत नाही असं नाही. तो माणसांच्या तोंडून कमी सांगतो, जागांमधून जास्त. तुम्ही रेजिंग सी या भागापर्यंत पोचलात का? नसाल तर कृपया तिथपर्यंत तरी खेळा. तुफान आलेला समुद्र आणि त्यावरचं आरमारी युद्ध, सगळं एका क्षणाला थांबलेलं. लाट कड्यासारखी उभी. जहाज अर्धं फुटलेलं, फळ्या हवेत लटकलेल्या, आणि तुम्ही त्या फळ्यांवरून, त्या लाटांच्या कुशीतून चढत जाता. त्या लोकांचं काय झालं हे कुणी बोलून दाखवत नाही. मला तिथे सार्गनने तोंड उघडावं असं एकदाही वाटलं नाही.

हॉलो नाइटचं म्हणाल तर साम्य आहेच. फरक लढाईत आणि उडीत आहे, आणि तो खेळताना पहिल्या तासात जाणवतो.

---

मृग_नक्षत्र · २३ मे, दुपारी ३:१०

एका वेगळ्या बाजूने लिहिते, कारण या चर्चेत ती यायला हवी.

माझ्या मुलाची नजर अधू आहे. गर्दीच्या चित्रात नायक कुठे आणि काटे कुठे हे त्याला वेगळं काढता येत नाही. त्यामुळे असे गेम तो भावंडांच्या बाजूला बसून नुसते ऐकायचा. लॉस्ट क्राऊनमध्ये हाय कॉन्ट्रास्ट नावाची सोय आहे. ती लावली की मागचं सगळं चित्र फिकं पडतं आणि सार्गन, शत्रू, पकडायच्या वस्तू भडक रंगात उठून येतात. गाइडेड मोड लावला की पुढचं ठिकाण नकाशावर दिसतं आणि बंद वाट बंद आहे असं खुणेने कळतं. लढाईची अवघडता, वार परतवायला मिळणारा वेळ हे सगळं वेगवेगळं कमी-जास्त करता येतं. फारच कठीण उड्यांच्या ठिकाणी पलीकडे नेणारं एक द्वार उघडण्याचीही सोय आहे.

त्याने ते द्वार लावलेलं नाही. लावायचं का ते त्याचं तो ठरवतो, आणि मला नेमकं हेच मोलाचं वाटतं. २०२४ च्या गेम अवॉर्ड्समध्ये ॲक्सेसिबिलिटीचा (अशा सोयींसाठीचा) पुरस्कार या गेमला मिळाला, तो योग्य मिळाला.

धागाकर्त्यांना विनंती: ‘पडण्याची किंमत’ हा तुमचा मुद्दा मला पटतो, पण किंमत प्रत्येकाच्या ऐपतीनुसार लावता आली पाहिजे. या गेमने तेही केलंय, आणि ते तुमच्या लेखात नाही.

---

अंबाझरी_बांध (धागाकर्ता) · २३ मे, दुपारी ४:००

@मृग_नक्षत्र, ताई, तुमचा प्रतिसाद माझ्या लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. इथे आलेल्या प्रत्येकाने तो वाचावा. काही जुने खेळाडू अशा सोयींना नाक मुरडतात. मला त्यांचा राग येतो. तुमच्या मुलाने नाण्यांच्या वाटा पार केल्या असतील तर कुठली आवडली ते नक्की विचारून सांगा.

---

धरमपेठ_ग्रंथप्रेमी · २३ मे, सायंकाळी ७:२०

मी गेम खेळत नाही. नातू खेळतो, मी बाजूला बसून बघतो. पण यातल्या नावांनी मला पुस्तकांच्या कपाटाकडे पळवलं, म्हणून चार ओळी.

सिमुर्ग हा फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यातला थोर पक्षी. शाहनामा पूर्ण झाला साधारण इ.स. १०१० मध्ये. साम नावाच्या वीराला पांढऱ्या केसांचं बाळ झालं, त्याने ते अशुभ मानून डोंगरावर टाकून दिलं, आणि सिमुर्गने त्याला घरट्यात नेऊन वाढवलं. तो झाल. झालचा मुलगा रुस्तम. सिमुर्गने झालला निरोप देताना आपलं पीस दिलं: संकटात जाळ, मी येईन. गेममध्ये सार्गनला सिमुर्गच्या पिसांतून शक्ती मिळतात असं नातवाने दाखवलं तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. त्याने गेम थांबवून ऐकली, हे विशेष.

अनाहिता ही जुन्या इराणची जलदेवता. इथे तिचं नाव एका सेनापतीला दिलंय. राणीचं नाव थॉमिरिस. हे मात्र मला खटकलं आणि गंमतही वाटली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली टॉमिरिस ही मॅसागेटी लोकांची राणी, जिने पर्शियाच्या सायरसचा पराभव केला. पर्शियाच्या शत्रूचं नाव पर्शियाच्याच राणीला! इमॉर्टल्सही हेरोडोटसमध्ये आहेत, पण तिथे ते दहा हजार. एक पडला की लगेच दुसरा त्याच्या जागी, म्हणून अमर.

आणि सुरुवातीची लढाई कुशाणांशी आहे हे किती जणांच्या लक्षात आलं? कुशाण म्हणजे आपला कनिष्क. सेनापतीचं नाव उविष्क, ते कनिष्कानंतरच्या हुविष्काच्या अगदी जवळचं. हेरोडोटसचे पर्शियन आणि कुशाण यांच्यात काही शतकांचं अंतर आहे. पण ज्या पर्वतावर काळच विस्कटलाय तिथल्या कथेत मी ते चालवून घेईन.

नातवाच्या सांगण्यावरून आणखी एक: यात पूर्ण फारसी संवादांचा पर्याय आहे. तो लावून बघा. मी तोच लावायला लावतो.

---

फरहाचा_धनुष्यबाण · २३ मे, रात्री ८:४५

काका, तुमचे चार परिच्छेद वाचून गेमबद्दलची माझी तक्रार वाढलीच. इतकं समृद्ध साहित्य हाताशी असताना झालची गोष्ट का नाही सांगितली? पीस जाळायचा प्रसंगच केवढा मोठा आहे. गेममध्ये पीस म्हणजे नवी उडी, बस.

फारसीचं मात्र लगेच लावून बघते.

---

खराडी_टू_खामला · २४ मे, सकाळी ११:००

मी मूळचा खामल्याचा, सध्या पुण्यात. या धाग्यात पुणे आलंच पाहिजे. सँड्स ऑफ टाइमचा रिमेक सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. आपल्या मुलामुलींच्या हातात एवढा मोठा गेम, याचा मला मनापासून अभिमान वाटला होता. पहिल्या ट्रेलरमधल्या चेहऱ्यांवर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियालच्या स्टुडिओकडे गेलं. 

लॉस्ट क्राऊनचीही गंमत बघा. जून २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा त्यातल्या हिप-हॉप संगीतावरून आणि राजपुत्र नसलेल्या नायकावरून लोकांनी भरपूर तोंडसुख घेतलं. गेम हातात आल्यावर तेच लोक गप्प झाले. ट्रेलरवरून गेमची परीक्षा करण्याची ही सवय वाईट आहे. त्यात माणसांची कामं अडकलेली असतात.

माँपेलिएच्या टीमचंही तेच. इतका चांगला गेम केला, सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मास्क ऑफ डार्कनेस’ हा जोडभाग दिला, आणि ऑक्टोबरमध्ये युबिसॉफ्टने सांगितलं की टीममधले बहुतेक जण दुसऱ्या प्रकल्पांवर गेलेत. ही जमलेली माणसं पुन्हा एकत्र येतील का? मला याचं फार वाईट वाटतं. एवढी सफाई एका गेमात येत नाही, ती वर्षानुवर्षं सोबत काम करून येते. म्हणून माझी विनंती, आवडला असेल तर विकत घेऊन खेळा.

---

सक्करदरा_स्टार · २४ मे, दुपारी २:२५

दादा, मी फोनवर खेळून राहिलो. सुरुवातीचा फुकटचा भाग संपला, पुढचा विकत घेतला. जहांदारपाशी अडकलो नं. तो सिंहाच्या तोंडाचा, विंचवाच्या शेपटीचा आहे तो. माझा अर्धा जीव तर त्याच्या पहिल्या दोन झेपांमध्येच जाते. वरतून फोन असा तापते की पंधरा मिनिटांत गेम अडकत अडकत चालते. कूलरसमोर बसून पण तेच. कोणी सांगा नं काय करायचं ते.

---

अंबाझरी_बांध (धागाकर्ता) · २४ मे, दुपारी ३:०५

@सक्करदरा_स्टार, भाऊ, आधी फोनचं. कव्हर काढ, चार्जिंगला लावून खेळू नको, ब्राइटनेस कमी कर, गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स एक पायरी खाली आण. या दिवसांत दुपारी बारा ते पाच कुठलाच फोन नीट चालणार नाही, रात्री खेळ. कूलरच्या अगदी तोंडाशी फोन धरू नको, ती हवा दमट असते.

आता जहांदार. तो हल्ला करायच्या आधी चमक दिसते, तिच्यावर नजर ठेव. लाल चमक आली की अडवायचा प्रयत्नच करायचा नाही, त्याच्या अंगाखालून पलीकडे सरकायचं. मागे पळालास तर तो तुला भिंतीला गाठतो. पिवळी चमक आली की उलट: जागेवर उभा राहा आणि वार अंगावर येतानाच अडवायचं बटण दाब. जमलं तर सार्गन जबरदस्त पलटवार करतो. चमक दिसल्या दिसल्या बटण दाबायचा मोह होतो, तेवढा आवर. चमक ही सूचना आहे, वार त्यानंतर येतो.

साधे वार अडवलेस की अथ्राची (खास वारांसाठी साठणाऱ्या शक्तीची) पट्टी भरते, मार खाल्लास की उतरते. भरलेली पट्टी दाबून ठेवू नको, तो झेप घेऊन टेकला की लगेच वापर. आणि गळ्यातल्या ताइतांच्या जागा बघ. वाक-वाक झाडापाशी ते बदलता येतात. वार वाढवणारे काढ, जीव वाढवणारे घाल. पहिल्या दोन-तीन फेऱ्या तर मारायचंच नाही, नुसतं चुकवायचं आणि त्याच्या चाली पाठ करायच्या.

---

सायबर_कॅफे_बर्डी · २४ मे, दुपारी ३:४०

@सक्करदरा_स्टार, मोबाईलच्या आवृत्तीत वार आपोआप अडवण्याची सोयही आहे. पण आधी दादांनी सांगितलं तसं करून बघ, पिवळ्या चमकेवरचा पलटवार स्वतः मारण्यात जी मजा आहे ती नाहीतर हुकेल. ब्लूटूथ कंट्रोलर असेल तर जोड, काचेवरच्या बटणांवर अंगठा घामाने घसरतो.

माझा प्रश्न: घरचा कॉम्प्युटर जुना आहे, जीटीएक्स ९५० कार्ड, ८ जीबी रॅम. चालेल का? निन्टेंडोचा स्विच घ्यायचा विचार आत्ता नाही.

---

खराडी_टू_खामला · २४ मे, सायंकाळी ५:१०

चालेल, किमान गरज साधारण तेवढीच सांगितलीय. सेटिंग खालच्या ठेवा, ३० जीबी जागा मोकळी करा. साध्या हार्ड डिस्कवर दोन भागांमधला थांबा थोडा लांबेल, तेवढंच. हा गेम स्विचसारख्या छोट्या यंत्रावरही सेकंदाला ६० फ्रेम्स देतो, त्यामुळे काळजी नको. ऑगस्ट २०२४ पासून स्टीमवर (कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात) आहे. सेलची वाट बघितलीत तर बरंच स्वस्त पडेल.

---

मृग_नक्षत्र · २४ मे, रात्री ९:३०

@अंबाझरी_बांध, विचारलं त्याला. जिथे वेगवेगळ्या उंचीवरची चक्रं एकामागोमाग येतात ती वाट त्याला सगळ्यात आवडली, कारण चक्रांचा आवाज ऐकून त्याला लय पकडता येते. हेडफोन लावून खेळतो. चक्र जवळ येताना आवाज चढतो, लांब जाताना उतरतो, आणि तो उतरल्यावर उडी घेतो. हाय कॉन्ट्रास्ट लावलेलं असूनही तिथे तो डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबतो असं म्हणाला.

---

फरहाचा_धनुष्यबाण · २५ मे, सकाळी १०:१५

रेजिंग सी खेळून झालं. फारसी लावून, हेडफोनवर.

जागा विलक्षण आहे, यात वाद नाही. थिजलेल्या लाटेच्या आत लटकलेला तो खलाशी बघून मी कंट्रोलर खाली ठेवला आणि नुसती बघत राहिले. फारसीत सार्गनचा आवाजही मला जास्त खरा वाटला, इंग्रजीत तो सतत शेखी मिरवल्यासारखा बोलतो. मूळ मत बदललेलं नाही: मला सोबत चालणारं, बोलणारं, भांडणारं माणूस हवं, आणि या गेममध्ये ते नाही. पण अर्धवट सोडणार नाही, पूर्ण करते.

आता अडलेय ती त्याच भागात, वरच्या डोलकाठीपाशी. सावली ठेवून पलीकडच्या फळीवर जाते, पण परत येईपर्यंत दार बंद झालेलं असतं.

---

अंबाझरी_बांध (धागाकर्ता) · २५ मे, सकाळी १०:४०

ताई, सावली तुम्ही बहुतेक कळ दाबायच्या जागी ठेवताय. ती दाराच्या पलीकडे, शक्य तेवढी आत ठेवा. मग कळीकडे जा, कळ दाबली की चालत परत यायचंच नाही, तिथूनच सावलीकडे. दार तोवर तुमच्या मागे बंद होऊ दे. दार उघडं असताना पहिल्यांदा आत शिरायला वेळ पुरत नसेल तर उडीच्या शेवटी झेप घ्या, सुरुवातीला नको. डोलकाठीच्या टोकाला पाय टेकायला जागा आहे, चित्रात ती दोराच्या गुंडाळीमागे लपलीय.

आणि तिथेच एक फोटो नकाशावर टाचून ठेवा. डावीकडे वर जी बंद खिडकी दिसते तिथे नंतर परत यावं लागेल.